हिरडी, हाड आणि ग्राफ्ट : या चुका टाळा

"म्याडम, दात साफ केले त ढिल्ले होते म्हणते सारे. खरं हाय काय?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी हिरड्यांचे आजार बघते. हा प्रश्न मला रोज येतो आणि रोज मी त्याचं नीट उत्तर देते, कारण या एका समजापायी माणसं दहा-दहा वर्षं उशिरा येतात.

दातांवरचा मऊ थर रोज निघाला नाही, तर लाळेतल्या क्षारांनी तो दगडासारखा घट्ट होतो. त्यालाच आपण कीट म्हणतो. कीट हिरडीच्या आत सरकलं की हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि आतलं हाड हळूहळू विरघळायला लागतं. हाड निम्मं गेलेलं असतं, तरी चार दात एका कीटाच्या पट्टीने एकमेकांना जखडलेले असतात, म्हणून हलत नाहीत. मी ती पट्टी काढली की आधीच झालेला ढिलेपणा उघडा पडतो. सूज उतरल्यामुळे दोन दातांत फटी दिसतात, काही दिवस गार पाणी झोंबतं. पेशंटला वाटतं, मशीनने दात सैल केले. मग तो पुढच्या तपासणीला येत नाही आणि शेजाऱ्यालाही येऊ देत नाही. साफ केल्यानंतर दात थोडे हलल्यासारखे वाटले, तर पळून जाऊ नका, दीड-दोन महिने थांबा. सूज गेली, हिरडी पुन्हा दाताला चिकटली की बरेच दात आपोआप घट्ट होतात.

एक गोष्ट वेगळी सांगते. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. लहानपणापासून ते पाणी पिलेल्यांच्या दातांवर तपकिरी डाग असतात. ते डाग दाताच्या आत असतात, कीटाचे नसतात, म्हणून साफ करून जात नाहीत. ते घालवायला राख, विटेचा भुगा किंवा तंबाखूचं मंजन घासू नका. डाग राहतात आणि दात मात्र झिजतो.

दुखत नाही म्हणून थांबणे

हिरड्यांचा आजार बहुतेक वेळा शेवटपर्यंत दुखत नाही. ब्रश करताना रक्त, तोंडाला वास, वरचे समोरचे दात पुढे येऊन त्यांच्यात फट पडणे, तुरीच्या डाळीचं फोल रोज एकाच जागी अडकणे, ही त्याची भाषा आहे. बिडी ओढणाऱ्यांत तर रक्तही कमी येतं, कारण निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात. आम्ही एका बारीक खुणांच्या सळईने हिरडी आणि दात यांच्यामधली खोली मोजतो. १ ते ३ मिलिमीटर ठीक, ४ च्या पुढे आजार, ६ झाली म्हणजे हाड बरंच गेलं. हे माप न घेता कुणी थेट ऑपरेशन सांगत असेल, तर माप विचारा आणि एक्स-रे दाखवायला सांगा.

ग्राफ्ट म्हणजे सिमेंट समजणे

आमच्याकडे संत्र्याचे बगीचे असणारी माणसं ग्राफ्ट म्हणजे 'हाडाचं कलम' असं ऐकलं की लगेच मान डोलवतात. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरला की तोच डोळा वाढून झाड होतं, हे त्यांना हाताने माहीत असतं. हाडात उलटं आहे. हाड गेलेल्या जागी आम्ही घालतो ती पावडर किंवा दाणे स्वतः वाढत नाहीत. ते मांडवासारखे असतात. तुमच्या शरीरातल्या पेशी त्यांच्यावर चढतात, स्वतःचं हाड तयार करतात आणि मांडव हळूहळू झिजत जातो. काही प्रकारचे दाणे वर्षानुवर्षं तसेच हाडात गुंतून राहतात, तेही चालतं. हे सिमेंटसारखं लगेच धरत नाही, याला सहा महिने किंवा जास्त लागतात. ऑपरेशनच्या दुसऱ्या आठवड्यात "दात अजून हालते" म्हणून निराश होऊ नका, आणि त्या दाताने सुपारी फोडून तर अजिबात बघू नका.

हे दाणे कुठून येतात, हे विचारायला लाजू नका. काही वेळा तुमच्याच जबड्यातून थोडं हाड घेतात. काही दान केलेल्या मानवी हाडाचे असतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या ऊतिपेढीत (टिश्यू बँकेत) असं हाड प्रक्रिया करून तयार होतं. काही गायी-बैलाच्या हाडापासून बनतात, तर काही पूर्णपणे कृत्रिम असतात. ज्यांना धर्माच्या किंवा मनाच्या कारणाने प्राण्याचं नको, त्यांनी आधीच सांगावं. कृत्रिम पर्याय असतो.

आणि प्रत्येकाला ग्राफ्ट चालत नाही. तीन बाजूंनी बांध असलेल्या शेततळ्यात पाणी थांबतं, सगळीकडून सारखी धूप झालेल्या वावरात नाही. दाताशेजारी हाडात खोल, अरुंद खड्डा पडला असेल आणि त्याच्या भिंती शाबूत असतील, तर दाणे तिथे टिकतात. सगळं हाड सपाट खाली गेलं असेल तर ओतलेले दाणे कुठे थांबणार? अशा वेळी डॉक्टर "ग्राफ्ट नको, खोल सफाई करू आणि दर तीन महिन्यांनी बघू" म्हणाले, तर ते टाळत नाहीत, बरोबर सांगतात.

क्रम चुकवणे

आधी खोल सफाई, मग दीड-दोन महिन्यांनी पुन्हा माप, आणि तरीही खोली उरली तर ऑपरेशन. शुगर असेल तर एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची रक्ततपासणी, करून घ्या. सात-आठच्या वर असताना घाईने ग्राफ्ट घालू नये. हिरडीतला संसर्ग शुगर वाढवतो आणि वाढलेली शुगर हिरडी बिघडवते, म्हणून दोन्हीकडून एकाच वेळी हात घालावा लागतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या किंवा हाडं ठिसूळ झाल्याची गोळी-इंजेक्शनं चालू असतील तर सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका.

दाढ काढताना होणारी चूक तर सगळ्यांची असते. काढली की विसरलं. दाढ गेल्यावर तिथल्या हाडाची रुंदी पहिल्या वर्षात साधारण निम्मी होऊ शकते आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. पुढे तिथे इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, बसवायचा विचार असेल, तर काढायच्या आधीच विचारा, खड्ड्यात ग्राफ्ट भरता येईल का. आठवडी बाजारात बसल्या जागी दात चिकटवून देणाऱ्यांकडे जाऊ नका. ते हिरडीवर चिकटलेलं प्लास्टिक साफच होत नाही आणि त्याच्याखालचं हाड आणि शेजारचे दात जातात.

खर्रा

या चुकीत माझाही वाटा आहे. एका कापूसवाल्या काकांचं ऑपरेशन मी केलं. आठ दिवस आधीपासून तंबाखू बंद, असं ठरलं होतं. चौथ्या दिवशी ते आले तेव्हा टाके सुटलेले, दाणे उघडे पडलेले. "तंबाखू नाही खाल्ली, खर्रा खाल्ला, तोही दुसऱ्या बाजूला धरला," असं ते म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या हिशेबात खर्रा म्हणजे सुपारी. मी त्याचं नाव घेऊन विचारलंच नव्हतं. आता मी एकेक नाव घेते : खर्रा, गुटखा, बिडी, गुडाखू, मशेरी. आमच्याकडच्या बायका मशेरी लावतात आणि कुणी विचारलं नाही तर सांगत नाहीत.

राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पन्नीत घोटलेला खर्रा पानठेल्यावर समोर तयार होतो. त्यात सुपारी, तंबाखू, चुना तिन्ही असतात. निकोटिन जखमेकडे जाणारं रक्त कमी करतं. सुपारीने गाल आतून कडक होतात. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील, तर ग्राफ्टच्या आधी त्याची तपासणी करून घ्या. शिवाय खर्रा खाणारा सतत थुंकतो, आणि जोरात थुंकलं की तोंडात ओढ बसून रक्ताची गाठ जागेवरून निघते. एकट्याने सुटत नसेल तर १८००-११-२३५६ हा शासनाचा मोफत क्रमांक आहे.

ऑपरेशननंतर घाबरणे, किंवा न घाबरणे

पहिल्या दोन-तीन दिवसांत सूज वाढते आणि मग उतरते. लाळ गुलाबी दिसते. ग्राफ्टचे वाळूसारखे चार दाणे जिभेला लागतात. यातल्या कशालाही घाबरू नका. ओठ ओढून टाके बघत बसू नका, आरशात तर नाहीच. पहिल्या दिवशी चूळ नाही, थुंकणं नाही, गालाला बाहेरून बर्फ. दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांनी दिलेल्या औषधी पाण्याने अलगद तोंड भरून सोडून द्यायचं. बाकीच्या दातांना ब्रश चालू ठेवायचा. गार वरण-भात, ताक, केळं, दुधात भिजवलेली पोळी खायची. ठेचा, फुटाणे, हुरडा पुढच्या महिन्यात.

पाचव्या दिवसानंतर सूज वाढली, पू आला, ताप चढला, किंवा दाण्यांचा ढीगच बाहेर येऊ लागला, तर त्याच दिवशी फोन करा.

ऑपरेशनची तारीख कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत घेऊ नका. वाकून ओझं उचलणं आणि थ्रेशरची धूळ, दोन्ही टाळायला हवं, आणि टाके काढायला दहा-चौदा दिवसांनी परत यायचं असतं. त्या दिवशी मजुरी बुडते म्हणून टाके तसेच राहिलेले मी पाहिले आहेत. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय, वर्ध्याजवळच्या सावंगी मेघेचं दंत महाविद्यालय आणि अमरावतीचं, या तिन्ही ठिकाणी हिरड्यांचा वेगळा विभाग आहे. जाताना जुने एक्स-रे, शुगरचा कागद आणि चालू औषधांच्या रिकाम्या पट्ट्या पिशवीत टाका. ग्राफ्टचं सामान बाहेरून विकत आणावं लागेल का आणि किती पैसे लागतील, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे, हेही त्यांना सांगा, म्हणजे ते तुम्हाला सकाळची वेळ देतील.