गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पीआरपी घेताय? या चुका टाळा

एसीएलची, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटची (दोरीसारख्या पट्ट्याची), दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली की काही ठिकाणी पीआरपी (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा) सुचवतात. हातातून रक्त घेतात आणि यंत्रात फिरवतात. नळीच्या तळाशी लाल पेशी बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा उरतो. त्यातला प्लेटलेटनी (रक्त गोठायला आणि जखम भरायला मदत करणाऱ्या बारीक पेशींनी) दाट झालेला भाग गुडघ्यात सोडतात.

पहिली चूक घरातल्या औषधांच्या डब्यातून होते. इंजेक्शननंतर एक-दोन दिवस गुडघा ठणकतो, थोडा सुजतो. मग कुणीतरी मायेपोटी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी हातावर ठेवतं. पण प्लेटलेटचं काम या दाहातूनच सुरू होतं आणि ही गोळी तोच दाबते. म्हणून इंजेक्शनच्या आधी आणि नंतर या गोळ्या किती दिवस बंद ठेवायच्या, ते सर्जनला विचारा. एरवी चालत असेल तर दुखण्यावर पॅरासिटामॉल पुरतं. हृदयासाठी किंवा रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून चालू असलेली ॲस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका.

माझ्या मते सगळ्यात महागात पडते ती दुसरी चूक: दुखायचं थांबलं, म्हणजे गुडघा बरा झाला असं समजणं. एसीएलच्या जागी आत बसवलेला हॅमस्ट्रिंगचा (मांडीच्या मागच्या स्नायूच्या दोरीचा) तुकडा सुरुवातीला रक्तपुरवठ्याविना असतो. त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरायला आणि त्याचं लिगामेंट व्हायला महिने जातात. पहिल्या दोन-तीन महिन्यांत, नेमकं पेशंटला हलकं वाटू लागतं तेव्हा, तो कमजोर असतो. पीआरपीने हा काळ खात्रीने कमी होतो, असं अजून सिद्ध झालेलं नाही. ऑस्लोमधल्या २०१६ च्या एका अभ्यासात, नवव्या महिन्यापर्यंत मैदानावर परतणं जितके महिने लांबलं, त्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा इजा होण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. कबड्डी, फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा पूर्ण सरळ करण्याचा कंटाळवाणा व्यायाम इंजेक्शन घेतलं म्हणून सुटत नाही.

पीआरपीच्या नावाखाली कुणी स्टेम सेल (मूळ पेशी) विकत असेल तर सरळ उठून या. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गुडघ्यासाठी स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. आणि पूर्ण सांधा बदलला असेल तर ‘कूर्चा वाढवणारं’ इंजेक्शन घेण्यात काहीच अर्थ नाही. तिथे कूर्चाच उरलेली नसते.

ताप आला, गुडघा लाल आणि गरम झाला, टाक्यांतून पाणी यायला लागलं किंवा पोटरी दुखून सुजली, तर ‘इंजेक्शनचाच त्रास असेल’ म्हणत सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.