ग्रे मार्केट क्लासिक स्पोर्ट्‌स कार घेताय? या चुका टाळा

अमेरिकेत जुन्या युरोपियन गाड्यांच्या जाहिराती चाळताना ‘युरो स्पेक’, म्हणजे युरोपच्या बाजारासाठी बनवलेली, असं दिसलं की शौकिनाचा हात थांबतोच. त्यात वावगं काही नाही. 1980 च्या दशकाच्या मध्यावर डॉलर चांगलाच वधारला होता. जर्मनीत गाडी घेऊन ती जहाजाने आणणं इथल्या शोरूमपेक्षा स्वस्त पडायचं. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्यांना वगळून होणारी ही आयात म्हणजेच ग्रे मार्केट. शिवाय काही मॉडेल्स कंपन्या अमेरिकेत विकतच नव्हत्या: मर्सिडीझची 500 एसएल, फेरारीची 512 बीबी, बीएमडब्ल्यूची एम1. पोर्शने तर 930 टर्बो 1980 ते 1985 या काळात इथल्या बाजारातून काढूनच घेतली होती. एकट्या 1985 मध्ये 60,000 हून जास्त गाड्या या आडवाटेने आल्या. 1988 च्या कायद्याने ती वाट जवळजवळ बंद झाली, पण आलेल्या गाड्या इथेच राहिल्या आणि आजही हातोहात फिरताहेत.

यातली बहुतेक गाडी दोनदा बनलेली असते. एकदा कारखान्यात आणि मग अमेरिकेतल्या एखाद्या गॅरेजात, जिथे तिला इथल्या सुरक्षा आणि प्रदूषणाच्या नियमांत बसवलं गेलं. कारखान्याच्या कामाबद्दल हवी तेवढी माहिती मिळते. या दुसऱ्या कामाबद्दल विचारायचं मात्र राहून जातं, आणि पाणी नेमकं तिथेच मुरतं.

कागदावरच्या हॉर्सपॉवरवर भुलणं

अमेरिकन 380 एसएलची ताकद 155 हॉर्सपॉवर, तर युरोपियन 500 एसएलची 231. फरक मोठा आहे, नाकारायचं कारण नाही. पण गाडी आणल्यावर तिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) लावला, प्रदूषण चाचणीत पास व्हावी म्हणून हवा-इंधनाचं मिश्रण पातळ केलं आणि नंतर कुणी ते जागेवर आणलंच नाही, तर ती ताकद तुमच्या पदरात पडत नाही. भाव समोरच्या गाडीचा करायचा असतो, माहितीपत्रकाचा नाही.

उलटी फसवणूकही होते. अमेरिकन गाडीला युरोपियन सडपातळ बंपर आणि हेडलाइट लावून ती ‘युरो’ म्हणून विकतात. मर्सिडीझमध्ये चासी नंबर बघा: 500 एसएल असेल तर त्यात 107.046 हे आकडे हवेत. 107.045 असेल तर ती 380 आहे, बंपर कुठलेही असोत.

‘25 वर्षं उलटली, आता कागद कशाला?’

हे वाक्य विकणाऱ्याच्या तोंडी हमखास असतं, आणि ते अर्धंच खरं आहे. बांधणीच्या तारखेपासून 25 वर्षं पूर्ण झालेली गाडी आज आयात केली तर केंद्रीय सुरक्षा नियमांतून सुटते. ही वर्षं मॉडेल इयरवरून मोजत नाहीत. प्रदूषणाच्या बाबतीत ईपीएची (केंद्रीय पर्यावरण संस्थेची) मर्यादा 21 वर्षांची आहे, पण गाडी मूळ रूपात असली पाहिजे. इंजिन बदललेलं असेल तर घोडं तिथे पेंड खातं.

1984 साली आलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. ती बाँड, म्हणजे नियमांत बसवण्याच्या हमीची रक्कम, भरून आत आली होती आणि बदल मान्य झाल्यावर बाँड मोकळा झाला. बाँड मोकळा झाल्याची वाहतूक खात्याची आणि ईपीएची पत्रं मागा. ईपीए तेव्हा एका व्यक्तीला आयुष्यात एकदाच पाच वर्षांपेक्षा जुनी गाडी प्रदूषणाच्या बदलांशिवाय आणू देत असे. त्यामुळे कन्व्हर्टर नाही म्हणून लगेच संशय घेऊ नका. पत्रात काय लिहिलंय ते वाचा.

एका राज्यात नंबर प्लेट मिळाली म्हणजे दुसऱ्या राज्यात मिळेलच असं नाही. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी तर विशेष जपावं. तिथे 1975 पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चाचणी नाही, पण 1976 पासूनच्यांना आहे, आणि थेट बाहेरून आलेल्या गाडीचं प्रमाणपत्र मिळवणं खर्चाचं आणि वेळखाऊ काम आहे. गाडी आधी नेवाडातून आणायची आणि मग बघू, असं करू नका.

दारं न उघडता गाडी पसंत करणं

बाजूच्या धडकेसाठी दाराच्या आत पोलादी पट्टी बसवावी लागे. चांगल्या गॅरेजनी ती नीट बसवली. घाईतल्यांनी दारातच वेल्डिंग केलं, आतला गंजरोधक थर जळला आणि तिथून गंज सुरू झाला. दार जड वाटतं, बंद करताना खाली लोंबतं, काच अर्ध्यावर अडते किंवा दाराच्या खालच्या कडेला रंगाचे फोड दिसतात? मग आतली पॅनेल काढून टॉर्च मारा. मालक नाही म्हणाला तर त्यावरूनच बरंच कळतं.

स्पीडोमीटरकडेही तितक्याच बारकाईने बघा. अनेकदा किलोमीटरच्या तबकडीवर मैलांचे आकडे चिकटवले, पण आतलं ओडोमीटर किलोमीटरच मोजत राहिलं. मग 80,000 चा आकडा म्हणजे सुमारे 50,000 मैल. आणि मीटरच मध्येच बदलला असेल तर खरा आकडा कुणालाच माहीत नाही. जुन्या सर्व्हिस बिलांवरचे आकडे तारखेनुसार मांडून बघा, उडी कुठे आहे ते लगेच दिसतं.

आयडलिंग बिघडलं की मिश्रणाचा स्क्रू फिरवणं

यातल्या बऱ्याच गाड्यांना बॉशची के-जेट्रॉनिक इंजेक्शन प्रणाली आहे. इंजिन थरथरतं, थंड असताना बंद पडतं, म्हणून 3 मिमीच्या ॲलन कीने मिश्रण फिरवून बघण्याचा मोह होतो. थांबा. आधी व्हॅक्यूमच्या सगळ्या नळ्या तपासा, विशेषतः नंतर जोडलेल्या. मग गेज लावून कंट्रोल प्रेशर (मिश्रणाचं प्रमाण ठरवणारा इंधनाचा दाब) थंड आणि गरम, दोन्ही वेळी मोजा. ते बरोबर असेल तरच स्क्रूला हात लावा. गरम इंजिन दहा मिनिटं बंद ठेवल्यावर सुरू होत नसेल तर मिश्रणापेक्षा इंधनाचा ॲक्युम्युलेटर (इंजिन बंद असताना दाब टिकवणारा भाग) किंवा पंपाचा, इंधन मागे जाऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह गेल्याची शक्यता जास्त.

रात्रीत बॅटरी उतरत असेल तर सीटबेल्टचा बझर आणि बाजूचे दिवे यांसाठी घुसवलेल्या जोडण्या शोधा. मूळ वायरिंगचा रंग जिथे बदलतो तिथपासून सुरुवात करा.

अमेरिकन मॉडेलचे पार्ट मागवणं

‘1984 ची 930’ एवढ्यावर पार्ट मागवला तर चुकीचा येऊ शकतो, कारण त्या वर्षी ती गाडी इथे विकलीच जात नव्हती. नेहमी चासी नंबर द्या. युरोपियन पोर्शच्या नंबरात मध्ये तीन झेड असतात, आणि इथल्या इतिहास शोधणाऱ्या संकेतस्थळांना तो बऱ्याचदा ओळखता येत नाही. ‘अपघाताची नोंद नाही’ याचा अर्थ तिथे ‘नोंदच नाही’ असा घ्यायचा. विमा कंपनीलाही हा नंबर सौद्याआधीच कळवा आणि ठरलेल्या किमतीचा विमा लेखी घ्या.

माझ्या मते दाराची पट्टी, वायरिंग, मिश्रण हे सगळे किमतीत घासाघीस करण्याचे मुद्दे आहेत, कारण पैसे टाकले की ते दुरुस्त होतात. आयातीची पत्रं नसतील आणि तुमच्या राज्यात नोंदणीची खात्री नसेल, तर मात्र गाडी कितीही देखणी असो, आगाऊ रक्कमसुद्धा देऊ नका.