बायपासच्या आधी भूलतज्ज्ञांसाठी करायची तयारी

बायपासची किंवा झडप बदलण्याची तारीख मिळाली की घरात पैसे, रजा आणि रक्तदाते यांची धावपळ सुरू होते. ती करावीच लागते. पण ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ पेशंटला तपासायला येतात, त्या भेटीची तयारी मात्र बहुतेक घरांत झालेली नसते. "रोज कुठल्या गोळ्या घेता?" असं विचारलं की "एक पांढरी आणि एक छोटी गुलाबी" असं उत्तर येतं. मी हृदयाच्या ऑपरेशनला भूल देणारी डॉक्टर आहे, त्यामुळे ही यादी माझ्या बाजूने लिहिलेली आहे.

पिशवीत सगळ्यात आधी औषधांच्या पट्ट्या टाका. कागदावर उतरवलेली नावं चुकतात, त्यामुळे पट्ट्याच हव्यात. संपलेल्या असल्या तरी चालतील. त्यात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या वेगळ्या काढा आणि प्रत्येकीचा शेवटचा डोस कुठल्या तारखेला घेतला ते पट्टीवरच पेनने लिहा. साधारणपणे क्लोपिडोग्रेल ५ दिवस आधी थांबवतात, प्रासुग्रेल ७ दिवस आणि टिकाग्रेलर ३ ते ५ दिवस. ॲस्पिरिन बहुधा चालूच ठेवतात. हे वाचून कुणीही घरच्या घरी गोळ्या बंद करू नयेत. स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) बसवून थोडेच महिने झाले असतील तर गोळी थांबवल्यावर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, म्हणून हा निर्णय सर्जन आणि कार्डिऑलॉजिस्ट यांनीच घ्यायचा आणि तो तुम्ही लेखी घ्यायचा. आधी कृत्रिम झडप बसवलेली असेल तर ॲसेनोकुमॅरॉल किंवा वॉरफरिन चालू असते. ती थांबवून मधले दिवस हेपॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनवर काढतात आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) पुन्हा तपासतात. त्यासाठी काही दिवस आधी भरती व्हावं लागलं तर कुरकुर नको.

मधुमेहाच्या गोळ्यांत डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही नावं आहेत का ते नीट पाहा. ऑपरेशनच्या किमान ३ दिवस आधी ती थांबवायची असतात. उपाशी पोटी आणि ऑपरेशनच्या ताणात या गोळ्यांमुळे रक्तात किटोन साचून आम्लता वाढते आणि साखरेचा आकडा मात्र फारसा वाढलेला दिसत नाही. त्यामुळे बिघाड उशिरा लक्षात येतो. शिवाय हल्ली हृदयाचं पंपिंग कमी असलेल्यांना मधुमेह नसतानाही याच गोळ्या देतात. "मला शुगर नाही" म्हणणाऱ्याच्या पट्ट्यांतही त्या सापडतात. वजनासाठी किंवा साखरेसाठी आठवड्यातून एकदा सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन घेत असाल तर तेही सांगा, त्याने जठर रिकामं व्हायला वेळ लागतो.

आता उलटी बाजू. उपास आहे म्हणून सगळ्याच गोळ्या बंद करायच्या नसतात. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल यांसारख्या नाडी संथ ठेवणाऱ्या गोळ्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळीही घोटभर पाण्याबरोबर द्यायच्या असतात. त्या अचानक सुटल्या तर नाडी उसळते आणि आधीच रक्त कमी मिळणाऱ्या हृदयावर भार पडतो. कोलेस्टेरॉलची गोळीही चालू राहते. रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी "प्रिल" किंवा "सार्टन" येतं, त्या पुष्कळ ठिकाणी एक दिवस आधी थांबवतात, कारण भुलेत रक्तदाब इतका उतरू शकतो की तो वर आणायला औषधांची शर्थ करावी लागते. तुमच्या डॉक्टरांची पद्धत विचारून घ्या.

काढे, चूर्णं, लसणाच्या कॅप्सूल, फिश ऑइल यांना घरात कुणी औषध मानत नाही, म्हणून ते सांगायचं राहतं. ज्येष्ठमध रोज भरपूर खाल्लं तर पोटॅशियम घटतं आणि रक्तदाब वाढतो. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये आम्ही पोटॅशियमवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो, तेव्हा हे ठाऊक असलेलं बरं.

तंबाखू, गुटखा, मिश्री, दारू यांबद्दल खरं बोला. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण तोंडं अजून आखडलेली येतात. सुपारी-गुटख्याने गालाच्या आतलं अस्तर कडक होतं, तोंड उघडत नाही आणि श्वासनळीत नळी घालणं अवघड होतं. घरीच बघा: पेशंटची स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक तोंडात जातात का? जात नसतील तर आम्हाला आधी कळू द्या, म्हणजे दुर्बीण लावून नळी घालायची तयारी ठेवता येते. मिश्री लावणाऱ्या बायका मुला-सुनांसमोर नाही म्हणतात, तेव्हा हा प्रश्न विचारताना नातेवाइकांनी पाच मिनिटं बाहेर थांबावं. दारूचं "कधीतरी" हे उत्तर मला चालत नाही. रोज घेणाऱ्याची दारू ऑपरेशननंतर एकदम तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो आयसीयूत भ्रमिष्टासारखा वागू लागतो. आधी माहीत असेल तर त्यावर औषध देता येतं. विडी-सिगारेट जितकी आधी सुटेल तितकं चांगलं, पण अगदी आदल्या दिवशी सोडली तरी रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो.

दात हलतात का, कवळी आहे का, गिळताना घास अडकतो का, हे सगळे प्रश्न निरर्थक वाटतात. पण पेशंट झोपल्यावर हृदयाची सोनोग्राफी अन्ननलिकेतून करतात आणि त्यासाठी बोटाएवढी जाड नळी आत जाते. अन्ननलिका अरुंद असेल किंवा लिव्हरच्या आजाराने तिथल्या शिरा फुगल्या असतील तर तो विचारच बदलावा लागतो. झडप बदलायची असेल तर किडलेल्या दातांचा इलाज आधी उरका, तोंडातले जंतू नव्या झडपेवर जाऊन बसतात.

आधी कधी भूल दिली होती का, आणि तेव्हा काही झालं होतं का? "शुद्धीवर यायला फार वेळ लागला", "श्वास लवकर सुरू झाला नाही" असं पेशंटचं किंवा रक्ताच्या नात्यातल्या कुणाचं आठवत असेल तर जरूर सांगा. स्नायू ढिले करणारं सक्सामेथोनियम नावाचं औषध शरीरातल्या एका एन्झाइममुळे मोडतं आणि त्याचा परिणाम उतरतो. ते एन्झाइम जन्मतःच कमी असण्याचं प्रमाण आर्य वैश्य समाजात जास्त आढळतं, आणि अशा माणसाचा श्वास तासन् तास मशीनवर ठेवावा लागू शकतो. ॲलर्जी विचारली की माशांचंही सांगा. ऑपरेशन चालू असताना हृदय आणि फुफ्फुसांचं काम करणारं मशीन लावण्यापूर्वी रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात. शेवटी हेपॅरिनचा परिणाम पुसायला प्रोटामिन देतात, आणि ते माशांपासून मिळतं. पांढरट, गढूळ दिसणाऱ्या इन्सुलिनमध्येही प्रोटामिन असतं, त्यामुळे ते वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना त्याची रिॲक्शन येण्याची शक्यता थोडी वाढते. आपल्याकडे पुष्कळ बायपास मशीनशिवाय, चालत्या हृदयावर होतात. तिथेही हेपॅरिन आणि प्रोटामिन असतंच.

उपासाचे तास भूलतज्ज्ञ सांगतील तेच पाळा. सर्वसाधारण हिशोब असा: जड जेवणानंतर ८ तास, हलक्या खाण्यानंतर ६ तास, साध्या पाण्यानंतर २ तास. दुधाचा चहा हलक्या खाण्यात धरतात, पाण्यात नाही. पहाटे पाचला प्रेमाने पाजलेल्या अर्ध्या कपामुळे सकाळच्या ऑपरेशनांची यादी पुढे सरकते.

अंगावरचं सगळं उतरवायचं: मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, गंडेदोरे, नेलपॉलिश. मनगटाच्या धमनीत सुई बसवून रक्तदाब ठोक्यागणिक मोजतात, मानेच्या शिरेतून औषधं देतात आणि ऑपरेशननंतर हातपाय सुजतात. घट्ट जोडवं मग कापून काढावं लागतं. घरातल्या मोठ्या बायकांची समजूत आदल्या दिवशीच काढा, ऑपरेशन थिएटरच्या दारात तो वाद नको. छातीचे, पायाचे केस घरी ब्लेडने काढू नका, कापल्याच्या जागी जंतू शिरतात. पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड आणि घोरण्यासाठी सीपॅप मशीन असेल तर ते बरोबर हवं.

श्वासाच्या व्यायामाचं, आत तीन छोटे चेंडू असलेलं फुंकायचं यंत्र आधीच आणून सराव करा. नाव फुंकायचं असलं तरी श्वास आत ओढायचा असतो. जाग येते तेव्हा घशात नळी असते आणि बोलता येत नाही, हे पेशंटला आधी सांगून ठेवा, म्हणजे तो घाबरून नळी ओढणार नाही. दुखतंय, तहान लागली, घाबरलोय यांसाठी हाताच्या खुणा ठरवा. चष्मा आणि कानाचं मशीन नाव लिहून आयसीयूत द्या. वयस्क माणसांचा ऑपरेशननंतरचा गोंधळ त्याने कमी होतो.

रक्तदाते किती लागतील ते रक्तपेढीलाच विचारा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून करणार असाल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाकडे) आधी जा, मंजुरी आल्याशिवाय तारखेला अर्थ नाही.

आणि तारीख पुढे गेली तर? ताप, खोकला, अंगावर फोड, लघवीची जळजळ अशा कारणांनी आम्ही स्वतःच ती पुढे ढकलतो. तेव्हा घरी निघण्याआधी एकच प्रश्न विचारा: थांबवलेल्या गोळ्यांपैकी कुठल्या आजपासून पुन्हा सुरू करायच्या? स्टेंट असलेला माणूस क्लोपिडोग्रेलविना घरी दोन आठवडे बसून राहता कामा नये. उत्तर डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या आणि नवी तारीख ठरली की गोळ्या थांबवण्याचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा.