एडीएचडीची गोळी मिळत नाही? आम्ही केलेल्या या चुका टाळा

१२ ऑक्टोबर २०२२ला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, एडीएचडीवरच्या (लक्ष टिकत नाही, चंचलपणा फार, अशा त्रासावरच्या) ॲडरॉल या औषधाचा तुटवडा जाहीर केला, तेव्हा वाटलं होतं महिन्याभरात निस्तरेल. तुटवडा होता लगेच काम करणाऱ्या गोळीचा, आणि आमचा मुलगा घेतो दिवसभर पुरणारी एक्सआर कॅप्सूल. पण लोक एका औषधावरून दुसऱ्याकडे वळत गेले, तशी बाकीचीही आटली. इथे न्यू जर्सीत दर महिन्याला ती डबी घरी आणायचं काम माझं. त्यात केलेल्या चुका सांगते.

"ॲडरॉल आहे का?" एवढंच विचारणं

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक ही. पलीकडून "नाही" आलं की मी फोन ठेवून पुढच्या फार्मसीला लावायची. कितीतरी दिवसांनी एका फार्मसिस्टबाईंनीच सांगितलं, "२० मिलिग्रॅम नाही, १० आहे. डॉक्टरांना विचारा ना!" टंचाई बहुतेक वेळा एका ठरावीक ताकदीची किंवा एका कंपनीच्या मालाची असते. म्हणून विचारायचं ते असं : कुठल्या ताकदीची आहे, कॅप्सूल की साधी गोळी, जेनेरिक की ब्रँड, आणि माल कुठल्या वारी येतो? मग डॉक्टरांना फोन करून दहाच्या दोन चालतील का ते विचारायचं. फार्मसिस्ट आपल्या मनाने बदल करू शकत नाही. रोज दोन कॅप्सूल म्हटलं की विमा कंपनी कधीकधी अडून बसते, तेव्हा पूर्वमंजुरीचा अर्जही डॉक्टरांच्या ऑफिसला त्याच फोनवर सांगून टाका.

काही साखळी दुकानं ॲडरॉलसारख्या नियंत्रित (गैरवापर होऊ शकतो म्हणून कडक कायद्याखालच्या) औषधांचा साठा फोनवर सांगत नाहीत. तिथे समक्ष जावं लागतं. छोट्या, घरच्या फार्मसीत जास्त माणुसकीने बोलतात, असा माझा अनुभव.

शेवटच्या दोन गोळ्या उरेपर्यंत थांबणं

शोध आठवडाभर आधी सुरू करा, आणि माल आहे याची खात्री झाल्यावरच प्रिस्क्रिप्शन तिकडे पाठवायला सांगा. पूर्वी चुकीच्या दुकानात गेलेलं प्रिस्क्रिप्शन रद्द करून नवं मागवावं लागायचं. ऑगस्ट २०२३पासून, ज्यावर अजून औषध दिलेलं नाही असं इलेक्ट्रॉनिक प्रिस्क्रिप्शन एका फार्मसीतून दुसरीकडे हलवता येतं, पण एकदाच.

"बाराच आहेत, देऊ का?" असं काउंटरवर विचारलं तर आनंदाने हो म्हणण्याआधी थांबा. माल कमी म्हणून फार्मसीने अर्धवट दिलं, तर उरलेलं ७२ तासांत द्यावं लागतं, नाहीतर नवं प्रिस्क्रिप्शन. तेच तुम्ही स्वतः किंवा डॉक्टरांनी थोडंच मागितलं, आणि राज्याचा कायदा आड येत नसेल, तर ३० दिवसांची मुदत मिळते.

घरगुती उपाय

आमच्या आईचा पुण्याहून फोन : "अगं, इथून दोन पाकिटं पाठवू का? लाडवांच्या डब्यात कोणाला कळणारे?" आई, पुण्यात मिळते ती मिथाइलफेनिडेट, म्हणजे एडीएचडीचंच दुसरं औषध, ॲडरॉल भारतात मिळतच नाही. आणि असं औषध टपालाने अमेरिकेत पाठवणं गुन्हा आहे, डबा लाडवांचा असला तरी.

मित्राची गोळी उसनी घेणं हाही गुन्हाच. इन्स्टाग्रामवरून मागवणं तर जिवावर बेतू शकतं. अशा बनावट गोळ्यांमध्ये फेंटानिल हे अफूसारखं, पण कितीतरी जहाल औषध सापडतं, आणि जून २०२४मध्ये सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेनेही तसा इशारा दिला होता.

उरलेल्या गोळ्या पुरवून वापरायच्या असतील तर कुठले दिवस सोडायचे ते डॉक्टरांशी ठरवा. खंड पडला म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट द्यायची नाही. मोठा खंड पडला असेल तर पूर्ण डोसने परत सुरू करण्याआधीही विचारा. सोबत ग्वानफासिन किंवा क्लोनिडिन ही एडीएचडीसाठीच देतात ती दुसरी गोळी चालू असेल, तर "एक नाही तर दुसरीही नको" म्हणून तीही बंद करू नका. एकदम थांबवली तर रक्तदाब चढू शकतो. बदली औषध काँसर्टासारखं (मिथाइलफेनिडेटची दिवसभर पुरणारी गोळी) असलं तर ती गोळी अख्खी गिळायची, फोडायची किंवा कुटायची नाही.

फार्मसिस्टवर चिडणं

मी चिडले आहे, खोटं कशाला बोलू. अशा औषधांच्या उत्पादनाची वार्षिक मर्यादा डीईए ही अमेरिकेची अमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणारी संस्था ठरवते, म्हणून आधी सगळा राग तिच्यावर होता. मग ऑगस्ट २०२३मध्ये एफडीए आणि डीईएच्या संयुक्त पत्रात वाचलं की २०२२मध्ये कंपन्यांनी मंजूर कोट्यातला साधारण ७० टक्केच माल विकला. सुमारे १०० कोटी डोस कमी पडले. काउंटरवरच्या बाईंच्या हातात यातलं काहीच नव्हतं.

शाळेला न सांगणं

गोळीविना गेलेल्या पहिल्या आठवड्यात शिक्षकांना वाटलं, पोरगं आळशी झालं. आता मी नर्सला आणि वर्गशिक्षकांना दोन ओळींची ईमेल टाकते. मुलगा सतरा वर्षांचा आहे, नुकताच गाडी चालवायला लागलाय. गोळी नसलेल्या दिवशी किल्ली माझ्याकडे राहते. यावर आमची रोज भांडणं होतात, आणि किल्ली तरीही माझ्याकडेच राहते.