मानसशास्त्र आणि रिक्रिएशन घेतलंय? मग या चुका टाळा

मानसशास्त्राच्या जोडीला रिक्रिएशनचा, म्हणजे खेळ, छंद आणि फुरसतीचा पेपर घेणाऱ्या बऱ्याच जणांचा हिशेब ठरलेला असतो: एका विषयात थोडं वाचायचं, दुसऱ्यात खेळायचं आणि क्रेडिट पदरात पाडून घ्यायचे. वर्गात कुणी हे बोलून दाखवत नाही, पण पहिल्या सबमिशनलाच ते कळतं. मी हे दोन्ही पेपर शिकवते. नवी बॅच आली तरी चुका त्याच येतात, म्हणून आता लिहूनच ठेवते.

गर्दी झाली म्हणजे कार्यक्रम जमला

या चुकीची मला सगळ्यात जास्त चीड आहे.

एका विद्यार्थिनीने प्रॅक्टिकलसाठी लहान मुलांचे चित्रकलेचे तास घेतले. पहिल्या तासाला मोजकीच मुलं होती, पण ती रंगली होती. एक मुलगा तर निळ्यावर निळा थर चढवत बसला होता. कागद भिजून फाटायला आला तरी त्याचा हात थांबेना. हिला मात्र अहवालात हजेरी दाखवायची घाई. पुढच्या तासापासून तिने प्रत्येक चित्राला एक स्टिकर जाहीर केला. मुलं वाढली, कागदांचा ढीग लागला. चार रेघोट्या ओढायच्या, कागद पुढे करायचा, स्टिकर घ्यायचा. तो निळ्या रंगाचा मुलगाही एकेक ठिपका काढून रांगेत उभा राहू लागला. स्टिकर संपले तशी मुलं पांगली. अहवालात निष्कर्ष काय, तर ‘या वयोगटातील मुलांना चित्रकलेत फारसा रस नसतो’.

याच विषयावरचा प्रयोग तिने त्याच सत्रात थिअरीच्या पेपरात व्यवस्थित लिहिला होता. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये तो प्रसिद्ध केला. मुळात चित्रं काढायची आवड असलेली बालवाडीतली मुलं निवडून त्यांचे तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. दुसऱ्याला ते नंतर अचानक दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. पुढे मोकळ्या खेळाच्या वेळी पाहिलं, तर आधी आमिष दाखवलेली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकून होती. म्हणजे घात बक्षिसाने नाही, आधी घातलेल्या अटीने केला.

थिअरी एका वहीत आणि प्रॅक्टिकल दुसऱ्या वहीत ठेवलं की असं होतं. माझी सवय साधी आहे: कुठलाही उपक्रम ठरवण्याआधी एक पूर्ण तास कोपऱ्यात बसून नुसतं बघायचं. कुणी सांगत नसताना माणसं काय करतात ते लिहायचं. कोण कशात रमतं हे कळेपर्यंत बक्षीस, गुण, नंबर यांतलं काहीही आणायचं नाही. विद्यार्थी म्हणतात यात वेळ जातो. जातोच, आणि तो द्यायचा असतो.

फावला वेळ तासांत मोजणं

‘आठवड्याला किती तास छंदासाठी देता?’ आणि ‘ताण किती वाटतो?’ असे दोन प्रश्न मित्रांच्या ग्रुपवर टाकायचे, उत्तरं आली की आलेख काढायचा आणि ‘छंदामुळे ताण कमी होतो’ असं ठोकून द्यायचं. असे प्रोजेक्ट तपासताना मी एवढंच विचारते: ज्याला मुळातच कामाचा रगाडा कमी, त्याला ताणही कमी आणि छंदाला वेळही जास्त, असं असू शकत नाही का? ‘संबंध आढळला’ लिहा. ‘त्यामुळे झालं’ लिहायचा अधिकार अशा पाहणीने मिळत नाही.

पण त्याहून मोठी गडबड मोजण्यातच आहे. मानसशास्त्रज्ञ जॉन न्यूलिंगर यांनी 1970 च्या दशकात मांडलं की फुरसत ही मनाची अवस्था आहे: हे मी आपणहून निवडलंय असं वाटणं, आणि ते त्याच्यासाठीच करावंसं वाटणं. दोघी रोज तासभर पोहतात. एक आवडीने, दुसरी घरच्यांच्या धाकाने. तुमच्या तक्त्यात दोघींपुढे सारखेच तास पडतील. म्हणून तासांच्या प्रश्नाला मी आणखी दोन प्रश्न जोडायला लावते: हे तुम्ही स्वतः निवडलंत का? आणि कुणी बघणारं, विचारणारं नसतं तरी केलं असतंत का?

बाकीच्या चुका

कोर्सच्या दुसऱ्या आठवड्यापासूनच मैत्रिणीला कोणता मानसिक आजार आहे याचं निदान करू नका. डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेनुसार नैराश्याच्या निदानासाठी नऊपैकी किमान पाच लक्षणं कमीत कमी दोन आठवडे टिकावी लागतात, त्यात उदास मनःस्थिती किंवा रस संपणं यांपैकी एक असावंच लागतं, आणि तरीही ते ठरवायचं काम प्रशिक्षित माणसाचं.

ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे; नकोशी गोष्ट थांबते म्हणून एखादं वागणं वाढतं, ते ऋण प्रबलन. पट्टा लावल्यावर गाडीतला कटकट्या आवाज थांबतो, म्हणून आपण पट्टा लावतो.

माणसाच्या गरजांच्या पायऱ्या दाखवणारा त्रिकोण सगळे मॅस्लो यांच्या नावावर काढतात, पण त्यांच्या 1943 च्या लेखात तो नाही. मूळ लेख वाचा.

संख्याशास्त्र शेवटच्या सत्रावर ढकलू नका.

गाजलेला प्रयोग उद्धृत करण्याआधी तो पुन्हा करून पाहिल्यावर काय निघालं ते शोधा. 2015 मध्ये मानसशास्त्रातले 100 अभ्यास नव्याने करून पाहिले, तेव्हा जेमतेम 36 टक्क्यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस निष्कर्ष परत मिळाला.

सगळ्या गटाला एकच अवघड खेळ देऊ नका. मानसशास्त्रज्ञ चिक्सेंटमिहाय यांच्या मांडणीत आव्हान आणि कौशल्य जुळलं तर माणूस रमतो. आव्हान जड झालं की धास्तावतो, हलकं झालं की कंटाळतो. मी एकाच खेळाचे सोपा, मधला, कठीण असे तीन प्रकार तयार ठेवायला सांगते.

डोळे बांधून पडायचे, एकमेकांना झेलायचे खेळ पहिल्याच दिवशी नकोत. आणि ‘मी बसून बघतो’ म्हणणाऱ्याला खरोखर बसू द्या. हात धरून ओढलेला माणूस खेळत नसतो, सुटकेची वाट बघत असतो.

खेळ संपला की लगेच सामान आवरू नका. काय झालं, काय वाटलं, याचा बाहेर कुठे उपयोग होईल, यावर दहा मिनिटं बोला. शिकणं बरंचसं तिथे होतं, आणि वेळ कमी पडला की नेमकं तेच कापलं जातं.

सबमिशन तोंडावर आलंय आणि चूक झालेली आहे?

आकडे बदलू नका, नवी उत्तरं रातोरात गोळा करू नका. प्रश्न कसे विचारले, कुणाला विचारले, कोण सुटलं आणि त्यामुळे कोणता निष्कर्ष काढता येत नाही, हे ‘मर्यादा’ या मथळ्याखाली सविस्तर लिहा. प्रोजेक्ट हातात आला की मी आधी तेच पान उघडते, आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, पहिला प्रश्नही त्यावरच विचारते.