ऐन मध्यभागी असून शेजारी शून्य

प्रबंधासाठी जिल्हावार मजुरीवर स्पेशियल लॅग मॉडेल (एका जिल्ह्याच्या आकड्यावर शेजारच्या जिल्ह्यांच्या आकड्यांचा प्रभाव धरणारं मॉडेल) चालवायचं होतं. पण त्यासाठी लागणारं वेट्स मॅट्रिक्सच (कोणता जिल्हा कोणाचा शेजारी, हे सांगणारा तक्ता) बनेना. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधलं ‘एसपीडेप’ हे पॅकेज काही जिल्ह्यांना शेजारी शून्य दाखवत होतं, तेही नकाशाच्या ऐन मध्यभागी! ‘झीरो पॉलिसी’ (शेजारी नसलेले जिल्हेही चालवून घेण्याचा पर्याय) ट्रू केली की एरर गप्प बसते, पण दुखणं तसंच राहतं.

नकाशा खूप झूम केला तेव्हा उलगडा झाला. दोन्ही बाजूंच्या हद्दी स्वतंत्रपणे रेखाटलेल्या, मध्ये केसाएवढी फट. सीमेवरचे बिंदूच जुळत नसल्याने क्वीन पद्धतीतही (जिथे सीमेवरचा एक सामाईक बिंदूही पुरतो) शेजार लागत नव्हता. शेजारी शोधणाऱ्या फंक्शनमधला ‘स्नॅप’चा आकडा (किती अंतरापर्यंतचे बिंदू जुळलेले मानायचे तो) किंचित वाढवला आणि बहुतेक जिल्हे जोडले गेले. (एकक मीटर आहे की अंश, ते आधी बघा. नाहीतर भलतेच शेजारी होतात.) उरली ती खरीखुरी बेटं, त्यांना सर्वांत जवळचा जिल्हा हाताने जोडला.

मग मॉडेल सुरळीत चाललं. फक्त बीटा (मॉडेलमधल्या एखाद्या घटकाचा गुणांक) म्हणजेच परिणाम असं वाचू नका. मॅट्रिक्स ओळीनुसार प्रमाणित (प्रत्येक ओळीची बेरीज १) असेल, समजा ऱ्हो (शेजाऱ्यांच्या प्रभावाचा गुणांक) ०.६ आणि बीटा ०.४, तर सरासरी एकूण परिणाम बीटा भागिले (१ वजा ऱ्हो), म्हणजे ०.४ भागिले ०.४, म्हणजे १. त्यातला स्वतःच्या जिल्ह्याचा वाटा किती आणि शेजाऱ्यांकडून आलेला किती, हे ‘इम्पॅक्ट्स’ फंक्शन वेगळं करून देतं. प्रबंधात तोच तक्ता टाकला.