इंग्रज घराण्याची वंशावळ शोधताना नावांच्या या चुका टाळा

तीन शब्दांचं नाव दिसलं की मधलं नाव वडिलांचं, हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं आहे. इंग्रज पूर्वज शोधताना पहिली ठेच इथेच लागते. लंडन-ब्रिस्टल रेल्वेमार्ग बांधणारा इंजिनिअर इझंबार्ड किंग्डम ब्रुनेल घ्या. त्याच्या वडिलांचं नाव मार्क इझंबार्ड ब्रुनेल आणि आईचं माहेरचं नाव सोफिया किंग्डम. म्हणजे बापाचं मधलं नाव पोराच्या पहिल्या जागी आणि मध्ये आजोळचं आडनाव! मधलं नाव आडनावासारखं वाटलं की आधी आईचं माहेर तपासा. कधी ते गॉडफादरचं, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची धार्मिक जबाबदारी घेणाऱ्याचं असतं, तर अविवाहित आईच्या मुलाच्या बाबतीत नोंदीत नाव न लावलेल्या बापाचंही असू शकतं. पण तेवढ्यावरून बाप ठरवू नका. आणि 1650 च्या नोंदीत मधलं नाव सापडत नाही म्हणून डोकं धरून बसू नका. तेव्हा सामान्य माणसाला ते सहसा नसेच.

हाक मारायचं नाव ही निराळीच भानगड. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर कागदोपत्री हेन्री बार्टल एडवर्ड फ्रिअर. सूचीत 'बार्टल' शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. मेरीची पॉली होते, मार्गारेटची पेगी, मार्थाची पॅटी, सेराची सॅली, जॉनचा जॅक. आपल्याकडे आजीचं खरं नाव रेशनकार्डावर पहिल्यांदा कळतं, तसंच हे. जुन्या लॅटिन नोंदीतला 'जाकोबुस' बहुतेकदा जेम्स असतो.

सगळ्यात जास्त वंशवृक्ष वाकडे होतात ती मेलेल्या मुलाच्या नावामुळे. मूल दगावलं की आपल्याकडे पुढच्याचं नाव धोंडू, दगडू ठेवत, काळाची नजर लागू नये म्हणून. इंग्रज मात्र तेच नाव पुढच्या बाळाला देत. आजोबांचं नाव घरात राहिलंच पाहिजे ना! म्हणून जॉनचा बाप्तिस्मा सापडला की लगेच उड्या मारू नका. त्याच चर्चच्या दफनाच्या नोंदी पुढची काही वर्षं चाळा. तुमचा पणजोबा दुसरा, कधी तिसरा जॉन असतो. त्यातही गंमत अशी की ट्यूडर राजांच्या काळापर्यंत, म्हणजे साधारण सोळाव्या शतकापर्यंत, एकाच घरात दोन जिवंत जॉन सापडतात, कारण मुलाला नाव बऱ्याचदा गॉडफादरचंच मिळे.

आडनावाच्या स्पेलिंगवर हटून बसू नका. शेक्सपिअरच्या ज्या सहा सह्या अस्सल मानल्या जातात, त्यांतही स्पेलिंग एकसारखं नाही. कारकून कानाला लागेल ते लिही; 'ह' गिळणाऱ्या भागातला हॅरिसन 'ॲरिसन' होऊन बसतो.

नात्याचे शब्दही आजच्या अर्थाने वाचू नका. 1851 च्या जनगणनेत आठ वर्षांचं पोर 'सन-इन-लॉ' म्हणून दिसलं तर तो बालविवाह नव्हे, बहुधा बायकोचा पहिल्या नवऱ्यापासूनचा मुलगा आहे. सतराव्या-अठराव्या शतकातली 'मिसेस' अविवाहितही असू शकते; ती पदवी प्रतिष्ठेची होती. आणि एकाच गावातले 'सीनिअर' व 'ज्युनिअर' बापलेक असतीलच असं नाही, चुलता-पुतण्याही असू शकतात.

बायकांचा माग बहुतेकदा दुसऱ्या लग्नापाशी तुटतो. विधवेने पुन्हा लग्न केलं तर नोंदीत तिचं आडनाव सहसा पहिल्या नवऱ्याचं असतं, माहेरचं नाही. ते माहेरचं समजून लोक वर्षानुवर्षं भलत्याच घराण्यामागे धावतात. 1 जुलै 1837 पासून इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी नोंदणी सुरू झाली, तेव्हापासूनच्या विवाहनोंदीत वधूवरांच्या वडिलांचं नाव आणि धंदा यांचेही रकाने आहेत. वधूचं आणि तिच्या वडिलांचं आडनाव जुळत नसेल तर शेजारच्या रकान्यात 'विधवा' लिहिलंय का, ते आधी बघा.